नखाएवढा आवाज

बाबांचा आवाज अंगठ्याच्या नखाएवढा होता आणि तो दादाच्या हातात होता. काळा, चपटा, एका कोपऱ्यात छाटलेला. लॅपटॉपच्या खाचेत तो पुन्हा पुन्हा सरकवून झाला, तरी पडद्यावर तीच चौकट येत होती : 'हे कार्ड वापरण्याआधी फॉरमॅट करावे लागेल. करायचे का?' दादाने 'नाही' दाबलं. चौकट गेली आणि मागच्या दाराने आल्यासारखी परत आली.

"अगं, फॉरमॅट म्हणजे नक्की काय?" त्याने वहिनीला विचारलं.

"सगळं पुसून टाकणं," वहिनी कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली.

"मग तसं सरळ विचारावं ना. 'पुसू का?' म्हणावं. एवढा साळसूदपणा कशाला?"

"हळू बोला. बाबा जागे आहेत."

आता या घरात दादा कोण आणि बाबा कोण हे सांगायला हवं. दादा म्हणजे विमा कंपनीच्या दावे विभागातला अधिकारी. पन्नाशीचा, भारदस्त, टेबलापाशी आधी पोट पोचणारा. एखाद्याचं घर पाण्याखाली गेलं तरी 'एक कागद कमी आहे' हे वाक्य तो डोळ्याची पापणी न हलवता म्हणू शकत असे. धाकटी बहीण त्याला दादा आणि त्याच्या बायकोला वहिनी म्हणते म्हणून आपणही म्हणू. ऑफिसात तो साहेब, बायकोच्या तोंडी अहो. त्याचं आणखी एक नाव होतं. ते घ्यायचा हक्क एकट्या बाबांचा होता, आणि बाबांना आता ते घेता येत नव्हतं.

बाबा जन्मभर छापखान्यात पर्यवेक्षक होते. यंत्रांच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची इतकी सवय, की घरी 'मीठ दे' म्हणाले तरी खालच्या मजल्यावर कुणीतरी मिठाची बरणी उचलत असे. त्यांच्या हाकेला अंतर नव्हतं. दादा कॉलेजात असताना त्यांनी गॅलरीतून त्याला त्या नावाने हाक मारली होती, आणि चौकातल्या ज्या मुलीवर छाप पाडायचं काम चाललं होतं तिने ती ऐकली होती. पुढे तीच मुलगी वहिनी झाली ही गोष्ट वेगळी. तिने ते नाव कधी घेतलं नाही, पण अधूनमधून आठवून हसते.

मग बाबांच्या घशात काहीतरी निघालं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर माणूस राहील, आवाज राहणार नाही. बाबांनी क्षणाचाही विचार न करता बसक्या आवाजात सांगितलं, "मग करा की. माझं बोलून झालंय सगळं."

घरच्यांचं ऐकून झालेलं नव्हतं. म्हणून ठरलं, ऑपरेशनच्या आधी बाबांचा आवाज साठवून ठेवायचा. दादाने ऑफिसातल्या मित्राकडून आवाज टिपायचं छोटं यंत्र आणलं आणि त्यात नवं कार्ड घातलं. हे बटण दाबायचं, लाल दिवा लागला की बोलायचं, असं बाबांना समजावलं. बाबांनी एकच अट घातली : कुणी दाराशी कान लावायचा नाही, सगळ्यांनी खाली जायचं. खिडक्या बंद झाल्या आणि अख्खं कुटुंब फाटकाशी जाऊन उभं राहिलं. नेमका पाण्याचा पंप सुरू होता, त्यामुळे आपसातलंही काही ऐकू येईना. बऱ्याच वेळाने बाबा गॅलरीत आले आणि 'झालं' असा हात केला. तो हात त्यांनी शेजारच्या इमारतीच्या फाटकाकडे बघून केला, तिथल्या रखवालदाराने तो आदबीने स्वीकारला. काय बोललात, असं विचारल्यावर बाबा म्हणाले, "ऐकाल तेव्हा कळेल." दोन दिवसांनी ऑपरेशन झालं.

आता प्रश्न असा, की इतक्या मोलाच्या वस्तूची एक नक्कल काढून ठेवायला काय झालं होतं? इथे आत्या येते. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण, कॅसेटच्या जमान्यातली. तिच्या लेकीच्या लग्नात ध्वनिमुद्रित केलेली कॅसेट लोकांनी इतकी वाजवली, की शेवटी नवरदेवाचा आवाज नवरीसारखा यायला लागला होता. त्यामुळे तिने फर्मान काढलं, "उगाच वाजवू नका रे. झिजतं ते. सगळे जमतील तेव्हा एकदाच ऐकू." कार्डाला झिजायला काही नसतं हे दादाला माहीत होतं. पण आत्याशी वाद घालण्यापेक्षा नक्कल नंतर काढू हे सोपं होतं. कार्ड बटणांच्या डबीत, डबी कपाटाच्या तिजोरीत, तिजोरीची किल्ली वहिनीच्या पर्समध्ये. सुरक्षेत काही म्हणता काही कमी नव्हतं.

सगळे जमायचा मुहूर्त म्हणजे बाबांचा पंचाहत्तरावा वाढदिवस. तो पुढच्या रविवारी होता, म्हणून आज दादाने नक्कल काढायला कार्ड बाहेर काढलं होतं. धाकटी नवऱ्याला घेऊन लांबून येणार होती, आणि तिने फोनवर आत्ताच रडून घेतलं होतं.

इतक्यात दारावरची घंटा वाजली आणि इलाजकाका आत आले. हे वरच्या मजल्यावर राहतात. खरं नाव पाटीवर आहे, पण इमारतीत ते कुणी वाचत नाही. गळणारा नळ, अडलेलं लग्न, दुखरा गुडघा, कशावरही त्यांच्याकडे इलाज असतो आणि तो तुम्ही मागेपर्यंत ते थांबत नाहीत.

"चेहरा का असा?" काकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता कार्ड उचललं. "हं. मळ बसलाय. खोडरबर आण."

खोडरबराने कार्डाची सोनेरी पट्टी घासून झाली. मग काकांनी त्यावर फुंकर मारली, पंच्याने पुसलं, उन्हाकडे धरून एका डोळ्याने आरपार बघितलं. काळ्या प्लास्टिकमधून आरपार काय दिसणार होतं ते त्यांनाच ठाऊक, पण निदान झालं.

"आत दमट आहे. रात्रभर तांदळात ठेव."

"काका, ते भिजलेलं नाही. कपाटात होतं."

"माझा फोन भिजला तेव्हा तांदळानेच वाचवला का नाही?"

"पण हे भिजलेलंच नाही."

"मग लवकर बरं होईल," काका म्हणाले. अडचणीतल्या माणसाची बुद्धी फार काळ हट्ट करत नाही. दादाने कार्ड तांदळाच्या डब्यात खोचलं. वहिनी तेव्हा गच्चीवर कपडे काढायला गेली होती, आणि खाली आल्यावर तिला सांगायचं राहून गेलं.

सकाळी दादा दाढी करून स्वयंपाकघरात आला, तर डबा ओट्यावर उघडा आणि अर्धा रिकामा.

"तांदूळ कुठे गेले?"

"बाबांना निवडायला दिलेत. एवढं काय ओरडायचं?"

आवाज गेल्यापासून बाबांनी घरातलं एक काम स्वतःकडे घेतलं होतं, ते म्हणजे तांदूळ निवडणं. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकायची, चष्मा लावायचा, ताट मांडीवर घ्यायचं आणि खडा दिसला की बोटाने टिचकी मारून कुंडीत उडवायचा. हे काम ते छापखान्यात मुद्रितं तपासावीत इतक्या कडक नजरेने करत. दादा गॅलरीत पोचला तेव्हा ताट लखलखीत झालं होतं. एक खडा म्हणून उरला नव्हता.

दादाने डबा गॅलरीत आणला. मग त्याने त्यातले उरलेले तांदूळ जमिनीवर ओतले आणि गुडघ्यांवर येऊन बोटं फिरवायला लागला. दावे विभागातल्या कुणी साहेबांना त्या अवस्थेत पाहिलं असतं तर त्या वर्षीचे सगळे दावे मंजूर करून घेतले असते.

टण्ण, टण्ण. बाबांनी चमच्याने स्टीलच्या पेल्यावर वाजवलं. हाक मारता येत नसल्यापासून ही त्यांची हाक होती. एक ठोका चहासाठी, दोन वर्तमानपत्रासाठी, आणि न थांबता वाजत राहिलं तर दादासाठी. आत्ता ते न थांबता वाजत होतं. बाबांनी गळ्यातली छोटी पाटी पुढे केली. तिच्यावर लिहिलं होतं : 'काय शोधतोस?'

"काही नाही. असंच. खडे."

बाबांनी पुसून लिहिलं : 'काळा, चौकोनी?' आणि चमच्याने कुंडीकडे दाखवलं.

बाबांनी स्वतःचा आवाज टिचकी मारून मातीत उडवला होता. दादाने कुंडी उपसली, झाड मुळासकट बाजूला ठेवलं, आणि खतातून कार्ड काढलं तेव्हा त्याच्या नखांत माती आणि डोळ्यांत पाणी होतं. लपवण्यात आता अर्थ नव्हता.

"बाबा, हा तुमचा आवाज आहे. म्हणजे होता. कार्ड चालत नाही. मी नक्कल काढली नाही. सगळे येणार आहेत रविवारी, आणि मी..." त्याने मातीने भरलेलं कार्ड पुढे धरलं.

बाबांनी आधीचं पुसलं. मग पाटीवर दोन शब्द लिहिले : 'जाऊ दे.'

वहिनीने पदर डोळ्याला लावला. "बघा, किती मोठं मन," ती म्हणाली. काका तोवर आलेच होते, तेही गहिवरले आणि आता कार्ड फ्रीजमध्ये ठेवून बघू म्हणाले. दादाने आयुष्यात पहिल्यांदा त्यांना दार दाखवलं.

बाबांनी 'जाऊ दे' म्हटलं तरी दादाला ते जाऊ देता येत नव्हतं. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. आधी नकोसं वाटणारं ते नाव आता संध्याकाळी कुलूप उघडताना हटकून आठवायचं. तो दार उघडायचा आणि नकळत एक क्षण थांबायचा. मग टण्ण टण्ण व्हायचं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो गेलेला डेटा परत मिळवून देणाऱ्या कंपनीच्या कार्यालयात गेला. काचेच्या खिडकीपलीकडे गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी होती. तिने कार्ड चिमट्याने उचललं आणि विचारलं, "आत काय आहे?"

"वडील," दादा म्हणाला.

"फोटो, व्हिडिओ की कागदपत्रं?"

"आवाज."

"मग 'इतर' मध्ये टाकते. कार्डावर माती कसली?"

"कुंडीतली."

"आणि हा पांढरा चुरा?"

"तो तांदळाचा." दादाने कार्डाकडे निरखून पाहिलं. "खोडरबराचाही असेल."

तिने जराही हसू दाखवलं नाही. ही मुलगी दावे विभागात फार वर जाईल, असं दादाला वाटून गेलं. मग ती म्हणाली, "आवाज तुमचा नाही, वडिलांचा आहे. म्हणजे त्यांची संमती लागेल. आमच्या यंत्रणेकडून त्यांना फोन जाईल, त्यावर त्यांनी 'होय' म्हणायचं. तेवढी एकच गोष्ट कमी आहे."

एक गोष्ट कमी आहे! हे वाक्य खिडकीच्या या बाजूने कसं ऐकू येतं ते दादाला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. आपला चेहरा पडलाय हे त्याला काचेत दिसत होतं.

"अहो, पण त्यांना बोलता येत नाही."

"नुसतं 'होय' म्हटलं तरी चालेल," ती समजुतीने म्हणाली.

संध्याकाळी फोन आला. दादाने तो मोठ्या आवाजावर टाकून बाबांपुढे धरला. गोड आवाजात एक यंत्र बोलायला लागलं : "आपली संमती असल्यास 'होय' असे म्हणा." बाबांनी पेल्यावर चमचा मारला. टण्ण. "क्षमस्व, आपला आवाज ऐकू आला नाही. कृपया थोडे मोठ्याने बोला."

ज्या माणसाला जन्मभर लोकांनी 'जरा हळू' म्हणून हात जोडले, त्याला मोठ्याने बोलायला सांगणारं कुणीतरी अखेर भेटलं होतं. बाबांनी दादाकडे बघितलं, दादाने बाबांकडे. मग बाबांनी पेला उचलला आणि असा काही बडवला की वरून इलाजकाका "काय झालं, काय झालं?" करत धावत आले. "होय! होय! मी म्हणतो होय!" दादा ओरडला. "क्षमस्व," यंत्र म्हणालं, "एकाहून अधिक आवाज ऐकू येत आहेत." आणि फोन बंद झाला.

सकाळी दादा बाबांना घेऊनच खिडकीशी हजर झाला. नियम म्हणजे नियम, तोंडी संमती हवी, असं मुलीने पुन्हा सुरू केलं, आणि दादाचा बांध फुटला. "बाई, त्यांना तोंडी काही सांगता येत असतं तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो? बोलता येत नाही म्हणूनच हवाय ना तो आवाज! एवढासा आहे. नखाएवढा. तेवढाच उरलाय हो आमच्याकडे." त्याचा स्वर इतका चिरकला की रांगेतली माणसं शेजारच्या भिंतीवरचे फलक वाचायला लागली.

मुलगी काचेजवळ वाकली. तिने बाबांच्या मानेभोवतीचा रुमाल बघितला, गळ्यातली पाटी बघितली. बाबांनी पाटीवर लिहून ती काचेला लावली : 'काही नसेलच त्यात. मुलाला समजवा.' आणि तिच्याकडे बघून हसले. मुलीने कीबोर्डवर काहीतरी बडवलं. "मालक समक्ष हजर, संमती खुणेने दिली, असं टाकलंय. वरचे ओरडले तर बघू," ती म्हणाली. "पण आजोबा, खूण तर करा." बाबांनी अंगठा वर केला. दादाने मात्र ती पाटी वाचली आणि त्याला भरून आलं. शेवटपर्यंत मुलाला दोष लागू नये म्हणून काय काय लिहितो हा माणूस!

शनिवारी निरोप आला. एकच फाइल सापडली होती, तिचं नाव गेलं होतं, आवाज होता. आम्ही ऐकत नाही, नुसता असल्याची खात्री करतो, असं मुलीने सांगितलं. फाइल घेऊन निघालेल्या दादाने घरी येईपर्यंत वाट पाहिली नाही. रस्त्यातल्या झेरॉक्सच्या दुकानात उभा राहून त्याने फाइलच्या नकला काढल्या. एक फोनवर, एक वहिनीच्या फोनवर, एक पेनड्राइव्हवर, आणि एक, झालं गेलं विसरून, इलाजकाकांना. ऐकली मात्र नाही. आत्याला शब्द दिला होता.

रविवारी दिवाणखाना भरला. धाकटी हातरुमालांचा गठ्ठाच घेऊन बसली होती. तिचा नवरा, आत्या, वहिनी, काका सगळे दाटीवाटीने बसले. बाबा मात्र बसायला तयार होईनात. त्यांनी सगळ्यांना हाताने 'पुरे, पुरे' केलं, कान लाल करून आतल्या खोलीत गेले आणि दार अर्धवट लोटून घेतलं. "त्याला स्वतःचा आवाज ऐकणं सोसायचं नाही," आत्या पुटपुटली. दादाने कळ दाबली.

आधी खरखर. मग खुर्ची ओढल्याचा आवाज. मग ते खाकरणं, अख्ख्या इमारतीला ठाऊक असलेलं. धाकटीने पहिला रुमाल घेतला.

"हं," बाबा म्हणाले. बसका, घोगरा, पण बाबांचाच. "दाबलं बटण. लागला का दिवा? लाल म्हणाला होता. छे, काही दिसत नाही मेलं. चष्मा कुठाय?"

कागदांची चाळवाचाळव. उशी पडली. एक खण उघडला, बंद झाला.

"टिल्ल्या!"

सगळ्यांच्या माना दादाकडे वळल्या.

"ए टिल्ल्या! माझा चष्मा कुठे ठेवलास? पुसून देतो म्हणून घेतलास ना रे? टिल्ल्याऽऽ!"

दादाचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडे गेला. त्या दिवशी तो खाली फाटकाशी उभा होता, आणि खिशात दोन चष्मे होते, एक स्वतःचा आणि एक बाबांचा. बाबांचा संध्याकाळी सापडला तेव्हा त्याने तो बाबांच्या उशाशी ठेवून दिला होता आणि विसरला होता. धाकटीच्या नवऱ्याला हसू आवरेना. मग वहिनीलाही. हसता हसता ती रडत होती.

"टिल्ल्या, अरे चालू आहे का नाही हे? कसं कळायचं? सांगायला तरी ये!" आवाज चढायला बघत होता आणि मध्येच फाटत होता. "कुणी आहे का? ... गेले वाटतं सगळे. मीच घालवले." मग स्वतःशीच एक हसू. "आता यांना काय सांगू? काही बोललोच नाही म्हणून? नको. झालं म्हणतो. ऐकाल तेव्हा कळेल म्हणतो. कळेल तेव्हा कळेल."

पावलं दाराकडे गेली आणि थबकली. जन्मभर ज्या हाकेला 'आलो' हे उत्तर मिळाल्याशिवाय राहिलं नव्हतं, ती आणखी एकदा आली. अगदी हळू, खात्री नसल्यासारखी.

"टिल्ल्या?"

"आलो बाबा!" दादा ओरडला आणि उठला.

सगळे दचकले. त्याला कशाचं भान नव्हतं. टीपॉयला गुडघा आपटत, आत्याचा पाय तुडवत तो आतल्या खोलीत गेला. बाबा पलंगाच्या काठावर बसले होते. तोंडावर हात होता आणि खांदे गदगदत होते. दादा घाबरून जवळ गेला, तर बाबा हसत होते. आवाज नव्हता, बाकी सगळं हसू होतं, डोळ्यांतून पाणी काढणारं. पाटी पुढे केली : 'म्हटलं होतं. काही नाही त्यात.'

"सगळं आहे बाबा," दादा म्हणाला. "सगळं आलंय त्यात."

त्याने बाबांच्या नाकावरचा चष्मा काढला, आपल्या शर्टाच्या टोकाने नीट पुसला, आणि खिशाकडे न नेता परत त्यांच्या नाकावर ठेवला. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात खूप वेळ तिथेच राहिला.

बाहेर धाकटीने पहिल्यापासून पुन्हा लावलं होतं. "पुरे गं, झिजेल!" आत्या कळवळून सांगत होती, पण तिचं कोण ऐकतंय. खरखर झाली, खुर्ची सरकली, कुणीतरी खाकरलं आणि भिंतीपलीकडून जोरात हाक आली, "टिल्ल्या!"

"आलो म्हटलं ना, बाबा!" दादा तिथूनच खेकसला, अगदी पूर्वीसारखा वैतागून, आणि बाबांच्या शेजारून तसूभरही हलला नाही.